पाणी गेलं कुठं?

‘तपासणीत इंजिनमध्ये कूलंटची पातळी अत्यंत कमी आढळली. त्यामुळे इंजिन प्रमाणाबाहेर तापून सिलिंडर हेडचे नुकसान झाले. हे नुकसान ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळे झाले असल्याने ते एक्स्टेंडेड वॉरंटीत ग्राह्य धरता येणार नाही.’

माझ्या गाडीच्या कंपनीचा मेल एवढाच. पहिल्या दोन वाक्यांबद्दल माझं काहीच म्हणणं नव्हतं. कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी, नव्हतं, खरंय. इंजिन तापलं, तेही खरंय. तिसरं वाक्य कुठून आलं ते मात्र कळेना. मी पतसंस्थेत अकाउंट्सला आहे. तिजोरीत रोकड कमी भरली तर कॅशियरला घरी पाठवायच्या आधी आम्ही निदान तिजोरीला मागून भोक तर पडलं नाही ना, एवढं बघतो. इथं भोक बघायच्या आधीच कॅशियर घरी गेला होता, आणि कॅशियर मी होते.

आमच्या शाखेतल्या एकाचा असाच क्लेम परवा नाकारला गेला. त्याला तोंडी सांगता सांगता लक्षात आलं की हे एकदा नीट लिहून काढलेलं बरं. कंपनीचं, वर्कशॉपचं नाव मी लिहिणार नाही. का, ते पुढं येईलच.

गाडी पेट्रोलवरची छोटी हॅचबॅक. पुण्यातून घेतलेली, किंमत साडेसात लाखांच्या आतबाहेर. घेतानाच १४ हजार वेगळे भरून पाच वर्षं किंवा एक लाख किलोमीटरपर्यंतची वाढीव वॉरंटी घेतली होती. चौथं वर्ष चालू होतं, ५२ हजार किलोमीटर झाले होते, आणि एकूण एक सर्व्हिस अधिकृत वर्कशॉपमध्येच केलेली. हा शेवटचा मुद्दा लक्षात ठेवा. पुढं तोच कामाला आला.

मे २०२३ मधला शनिवार. पुण्यात भाचीचा साखरपुडा उरकून साताऱ्याला परत येत होतो. गाडी मी चालवत होते, शेजारी नवरा, मागं आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई. पुण्याहून येताना तेव्हा खंबाटकी घाट चढावाच लागायचा. बोगद्याचं सुख साताऱ्याहून पुण्याला जाणाऱ्यांना होतं. मे महिन्यातल्या सुट्टीच्या दिवशी तिथं काय होतं हे ज्यांनी बघितलंय त्यांना सांगायला नको. वळणावळणावर बोनेट उघडून उभ्या असलेल्या गाड्या, पाण्याच्या बाटल्या घेऊन धावणारी माणसं. त्यात आम्हीही एक झालो.

या गाडीला तापमानाचा काटा नाही. थंड असताना निळा दिवा, फार तापली की लाल, मधलं काही नाही. हल्लीच्या कितीतरी छोट्या गाड्यांत असंच असतं. कुणाला सुचलं हे? काटा असता तर चढ सुरू झाल्यावर तो वर सरकताना दिसला असता. दिवा थेट निकालच सांगतो. लाल लागला तसा मी एसी बंद केला, हॅझर्ड लावले, पुढच्या वळणाला जरा रुंद जागा होती तिथं गाडी घातली आणि इंजिन बंद केलं. बोनेटच्या फटीतून वाफ येत होती. एक भला माणूस पाण्याची बाटली घेऊन रेडिएटरचं झाकण उघडायला पुढं आला, त्याला नवऱ्यानं हात जोडून थांबवलं. तापलेल्या इंजिनाचं झाकण उघडलं की उकळतं पाणी तोंडावर येतं. वॉरंटीबरोबर रस्त्यावरची मदतही होती, त्यामुळं क्रेन आली आणि रात्री गाडी साताऱ्यातल्या अधिकृत वर्कशॉपच्या फाटकाआत गेली.

सोमवारी सर्व्हिस अॅडव्हायझरचा पहिला प्रश्न: “मॅडम, लाल दिवा लागल्यावर किती वेळ चालवली?”

“चालवली नाही. बाजूला घेऊन बंद केली.”

“घाटात एसी लावूनच चढवलीत ना?”

एसी घाटात लावू नये असं मालकाच्या पुस्तिकेत कुठल्या पानावर आहे, असं मी विचारलं. तो हसला आणि जॉबकार्ड प्रिंट करून पुढं केलं. खाली सहीची जागा, तिथं पेनानं फुली मारलेली. आपल्याकडं माणसं फुली दिसली की सही करतात. मला मात्र व्हाउचर वाचल्याशिवाय सही करता येत नाही, तो रोग आहे. ‘ग्राहकाची तक्रार’ या रकान्यात लिहिलं होतं: टेंपरेचरचा दिवा लागलेला असताना गाडी चालवली, नंतर गाडी बंद पडली. मी ती ओळ खोडली, शेजारी माझ्या अक्षरात लिहिलं, ‘दिवा लागताच गाडी बाजूला घेऊन इंजिन स्वतः बंद केले’, तारीख-वेळ टाकली, खोडल्याजागी छोटी सही केली आणि मोबाइलवर फोटो काढला. अॅडव्हायझरचं हसू गेलं. त्याच्या हातात काही नव्हतं, तो वाईट माणूसही नव्हता. पण ती ओळ तशीच राहिली असती तर पुढचं सगळं मी माझ्याच सहीविरुद्ध भांडत बसले असते.

इंजिन उघडायच्या आधी आणखी एक कागद आला. क्लेम नामंजूर झाला तर उघडण्याची मजुरी ग्राहक भरेल, असा. सही केल्याशिवाय गाडी उघडणार नाहीत आणि रोजचा जागेचा आकार चालू होईल. तिथं मी ‘हरकत कायम ठेवून’ असं लिहून सही केली.

उघडल्यावर कळलं ते असं. ऑइलमध्ये पाणी उतरलेलं, ऑइल दुधाळ झालेलं. हेड गॅस्केट, म्हणजे इंजिन आणि हेड यांच्यामधली सीलपट्टी, दोन आणि तीन नंबरच्या सिलिंडरच्या दरम्यान उडालेलं. हेड अॅल्युमिनियमचं, ते वाकलेलं. खर्चाचा अंदाज १,१८,४०० रुपये. आणि कूलंट जवळजवळ नाहीच.

“पाणी गेलं कुठं?” मी विचारलं.

“वाफ होऊन गेलं असेल, मॅडम.”

बंद सिस्टीममधून वाफ जाईल कुठून? एवढं तर मलाही कळत होतं. पण पुढचं कळत नव्हतं, म्हणून दुसऱ्या दिवशी आमच्या कॉलनीबाहेरच्या फिटरला बरोबर नेलं. बाहेरच्या मिस्त्रींना वर्कशॉपच्या आत सोडत नाहीत. मी सांगितलं, हे माझे दीर. फिटरनं पण चेहरा असा ठेवला की जणू लहानपणापासून आमच्याच घरात वाढलाय. मोबाइलचा टॉर्च लावून तो बॅटरीच्या खालच्या बाजूनं वाकून बघत राहिला, बोट घातलं आणि मला बोलावलं.

या गाडीत इंजिनच्या मागच्या अंगाला, बॅटरीच्या ट्रेखाली, थर्मोस्टॅटचं हाउसिंग, म्हणजे कूलंटची वाट उघडबंद करणाऱ्या झडपेचं कवच, बसवलेलं असतं. काळ्या प्लास्टिकचं. त्याच्या जोडाच्या रेषेवर केसाएवढी चीर होती, आणि चिरेखाली पांढरट-हिरवट खपली साचून खाली ओघळलेली.

“वैनी, हे काय आज फुटलेलं न्हाय. कूलंट वाळून खपली धरायला म्हैने जात्यात. हळूहळू पाझरत हुतं. घाटात प्रेशर आलं आन् चीर उघडली.”

“पण निघायच्या आधी बाटली बघितली होती यांनी. दोन रेषांच्या मध्ये होतं पाणी.”

“बाटली भरलेलीच दिसनार.”

हे मला त्यानं समजावलं, आणि या सगळ्या प्रकरणात मला सर्वांत उपयोगी पडलेली गोष्ट हीच. इंजिन तापलं की कूलंट फुगतं, जास्तीचं पाणी रेडिएटरच्या झाकणातून बाजूच्या बाटलीत जातं. इंजिन थंड झालं की आत ओढ तयार होते आणि तेवढंच पाणी बाटलीतून परत रेडिएटरमध्ये खेचलं जातं. पण कुठं चीर असेल तर ती ओढ पाणी खेचतच नाही, चिरेतून हवा खेचते. म्हणजे रेडिएटर रोज थोडाथोडा रिकामा होतो आणि बाटली आपली भरलेली. मालकानं बघायची जागा म्हणून पुस्तिकेत बाटलीच दाखवलेली असते. रोज सकाळी गणपतीच्या आधी बाटलीला नमस्कार केला असता तरी मला काही दिसलं नसतं.

दुसरी गोष्ट दिव्याची. कूलंट आणि पाणी मिसळून दाबाखाली असलं की ते सव्वाशे अंशांच्या पुढं जाईपर्यंत उकळत नाही. चिरेमुळं दाब गेला की आधीच उकळायला लागतं. आणि पातळी सेन्सरच्या खाली गेली की सेन्सर पाण्याचं नाही, वाफेचं तापमान मोजत बसतो. म्हणून लाल दिवा उशिरा लागतो. दिवा लागतो तोवर हेडचं जे व्हायचं ते बहुतेक होऊन गेलेलं असतं.

मी चिरेचे, खपलीचे फोटो काढले, व्हिडिओ काढला, त्यात गाडीचा नंबर आणि चासी नंबर येईल असं बघितलं. मग अॅडव्हायझरला बोलावून दाखवलं. तो म्हणाला, वर कळवतो. मग तोच म्हणाला, वरून नाही आलंय. तोंडी.

तोंडी नकाराला मी नकार मानत नाही. ज्या नकारावर कुणाची सही नाही, त्याच्याविरुद्ध दाद मागणार तरी कशी? तीन मेल आणि वर्कशॉप मॅनेजरच्या केबिनमध्ये एक दुपार एवढं झाल्यावर सुरुवातीला दिलेला तो तीन वाक्यांचा मेल आला. लगेच उत्तर पाठवलं, दोनच प्रश्न. वॉरंटी पुस्तिकेतल्या कुठल्या कलमाखाली नाकारलं? आणि कूलंट कशामुळं कमी झालं, तुमचं निदान काय? पहिल्याला उत्तर आलं: ‘कूलंटअभावी इंजिन तापून झालेले नुकसान’ हे न मिळणाऱ्या गोष्टींच्या यादीत आहे. दुसऱ्याला उत्तर कधीच आलं नाही.

पुस्तिका घेऊन बसले. वॉरंटीनं झाकलेल्या भागांच्या यादीत सिलिंडर हेड आहे, हेड गॅस्केट आहे, वॉटर पंप आहे, आणि ‘थर्मोस्टॅट असेंब्ली’ आहे. न झाकलेल्यांत रबरी होज, ऑइल, कूलंट, फिल्टर, रोजच्या वापरातली झीज. हाउसिंग प्लास्टिकचं आहे, रबराचं नाही, आणि असेंब्लीचाच भाग आहे. मग क्रम असा लागला: झाकलेला भाग फुटला, म्हणून कूलंट गेलं, म्हणून इंजिन तापलं, म्हणून झाकलेलाच दुसरा भाग गेला. कंपनीनं पहिली पायरी गाळून दुसरीपासून हिशेब मांडला होता. आमच्या ऑडिटरनं असा ताळेबंद बघितला असता तर आरंभीची शिल्लक कुठाय म्हणून फाईल फेकून दिली असती.

आणि सर्व्हिसची जॉबकार्डं. फेब्रुवारीत, म्हणजे घाटाच्या तीन महिने आधी, याच वर्कशॉपात सर्व्हिस झाली होती. त्या छापील यादीत ‘कूलंट पातळी’ला टिक, ‘कूलंट गळती’पुढं ‘नाही’ला टिक. खपलीला धरायला महिने लागतात. म्हणजे एकतर फेब्रुवारीत पाझर होता आणि तो बघितला नाही, नाहीतर बघितलं तेव्हा तो नव्हता आणि नंतरच्या तीन महिन्यांत त्यांच्याच प्लास्टिकला चीर गेली. दोन्हींत मी कुठं येते?

आता गाडीचं काय करायचं हा प्रश्न होता. फिटर म्हणाला, हेड फेसिंग करून, म्हणजे घासून सपाट करून, गॅस्केट नवं टाकून ३८ हजारांत बसवून देतो. मोह मोठा होता. नवरा तर म्हणालाच, “सोड ना, कशाला डोक्याला ताप?” पण बाहेर इंजिन उघडलं की उरलेल्या वॉरंटीला त्यांनी तिलांजली दिली असती आणि वर म्हणाले असते, बिघाड बाहेरच्या मिस्त्रीनं केला. मोटार विम्याकडंही विचारून पाहिलं. यांत्रिक बिघाड विम्यात बसत नाही, आणि इंजिनचं वेगळं जोडसंरक्षण आम्ही घेतलेलं नव्हतं. शेवटी आमच्याच संस्थेतून कर्मचारी कर्ज काढलं आणि अधिकृत वर्कशॉपातच दुरुस्ती करून घेतली, बिलावर ‘हक्क राखून रक्कम भरली’ असं लिहून.

एका गोष्टीवर मात्र अडून बसले. काढलेले भाग मला हवेत. वॉरंटीत बदललेला भाग कंपनीचा होतो, हे पुस्तिकेत आहे. पण तुम्ही वॉरंटी नाकारलीत, पैसे मी भरले, मग हेड माझं, हाउसिंग माझं. मॅनेजरला यावर काही सुचलं नाही. एका पोत्यात घालून दिलं. त्याआधी परवानाधारक मोटार सर्व्हेयरला बोलावून वर्कशॉपातच, त्यांच्या माणसासमोर पाहणी करून घेतली. त्यांनी हेडवर सरळ पट्टी ठेवून खाली फीलर गेज, म्हणजे फट मोजायची पातळ पाती, घातली: ०.१४ मिलिमीटर वाकलेलं, कंपनीची स्वतःची मर्यादा ०.०५. पण मला त्यापेक्षा मोलाचं होतं ते अहवालातलं दुसरं वाक्य: हाउसिंगच्या जोडावर चीर, बाहेरून मार लागल्याची खूण नाही, चिरेभोवती जुन्या गळतीचा थर. फी ४ हजार. या सगळ्या प्रकरणात सत्कारणी लागलेले पैसे म्हणाल तर हे.

१९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. तिथून ती कंपनीकडं जाते, कंपनीनं तोच तीन वाक्यांचा मजकूर चिकटवून पाठवला. हेल्पलाइनला हुकूम करायचा अधिकार नसतो. तरी तक्रार क्रमांक कागदावर राहतो, तेवढ्यासाठी करावी. त्यानंतर वर्कशॉपमधून फोन आला, ‘गुडविल’ म्हणून सुट्या भागांवर ५० टक्के देऊ, पण त्याला क्लेम म्हणायचं नाही. गुडविल हा शब्द मी ताळेबंदात बघितलाय, तिथंही तो जेव्हा दाखवायला दुसरं काही नसतं तेव्हाच येतो. नको म्हटलं.

मग ग्राहक पंचायतीत गेले. बिंदुमाधव जोशींनी १९७४ मध्ये पुण्यात सुरू केलेली ही चळवळ, आता तालुक्यातालुक्यांत तिची माणसं आहेत. साताऱ्यात जे भेटले ते निवृत्त मास्तर. त्यांनी माझा पाच पानी मसुदा वाचला आणि लाल पेन काढलं. पहिल्यांदा खोडली ती ‘गाडी बदलून मिळावी’ ही मागणी. म्हणाले, “बाई, वॉरंटी म्हणजे सदोष भाग बदलून देण्याचं वचन. सर्वोच्च न्यायालयानं २००६ सालीच सांगितलंय, क्लच बिघडला म्हणून अख्खी गाडी मागता येत नाही. जास्त मागाल तर जे रास्त आहे त्याचीही किंमत जाते.” मग ‘मानसिक त्रासापोटी पाच लाख’ खोडलं, २५ हजार केलं. दोष होता हे सिद्ध करायचं ओझं तक्रारदारावर असतं, म्हणून सर्व्हेयरचा अहवाल पहिल्या क्रमांकाला लावा, रडगाणं शेवटी. ‘रडगाणं’ हा शब्द त्यांचाच.

स्पीड पोस्टनं नोटीस गेली, उत्तर आलं नाही, जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल झाली. तेव्हा ऑनलाइन तक्रारीसाठी ई-दाखिल पोर्टल होतं. २०२५ च्या जानेवारीपासून ई-जागृती आहे. ज्यांना धास्ती वाटते त्यांच्यासाठी व्यवहाराच्या चार गोष्टी. वकील लागतोच असं नाही, स्वतः उभं राहता येतं. घटना घडल्यापासून दोन वर्षांच्या आत दाखल करायची. वस्तूची दिलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग. पाच लाखांपर्यंत फी नाही, पाच ते दहा लाखांना २०० रुपये. गाडी पुण्यातून घेतली म्हणून पुण्याला हेलपाटे घालावे लागतील असं मला वाटत होतं, पण २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं तक्रारदार जिथं राहतो तिथंही दाखल करायची सोय केलीय. १९८६ च्या जुन्या कायद्यात ती नव्हती. नव्या कायद्यातलं एकच कलम पाठ करायचं असेल तर हे करा.

समोर तिघांना उभं केलं होतं: कार बनवणारी कंपनी, वर्कशॉप, आणि वाढीव वॉरंटीमागं असलेली विमा कंपनी. तिघांनी एकमेकांकडं बोट दाखवलं. वर्कशॉप म्हणालं, आम्ही फक्त दुरुस्ती करतो, निर्णय कंपनीचा. कंपनी म्हणाली, वर्कशॉपचा आणि आमचा संबंध ‘प्रिन्सिपल टू प्रिन्सिपल’, म्हणजे दोन स्वतंत्र व्यापाऱ्यांचा, त्यांच्या चुकीला आम्ही जबाबदार नाही. विमा कंपनी म्हणाली, आम्हाला तर क्लेमच पाठवला नाही. हे शेवटचं वाक्य मी दोनदा वाचलं. म्हणजे ज्यांनी पैसे द्यायचे त्यांना न विचारताच नकार कळवला होता.

समोरच्यांना लेखी कैफियत, म्हणजे तक्रारीचं उत्तर, ३० दिवसांत द्यावी लागते, आयोग फार तर १५ दिवस वाढवून देतो, त्यापुढं नाही. कंपनीनं अगदी शेवटच्या टोकाला दाखल केली. जोडपत्रांत गाडी वर्कशॉपात आल्या दिवशीचा संगणकीय स्कॅन रिपोर्ट होता. इंजिन तापलं होतं हे दाखवायला त्यांनी तो लावला. पहिल्या पानावर पी-०२१७ हा कोड, म्हणजे इंजिन प्रमाणाबाहेर तापलं. एवढ्याखाली त्यांनी पिवळी रेघ ओढली होती. मी दुसरं पान उलटलं.

गाडीचा संगणक दोष नोंदवतो तेव्हा त्या क्षणाची सगळी आकडेवारीही गोठवून ठेवतो. त्या पानावर ती होती. कूलंटचं तापमान १२४. वेग ताशी ७ किलोमीटर. आणि त्याखाली वेगळी नोंद, इंजिनचा इशारा दिवा लागल्यापासून गाडीनं कापलेलं अंतर: १ किलोमीटर. त्यांच्या कैफियतीत, चौदाव्या परिच्छेदात लिहिलं होतं की तक्रारदारानं दिवा लागल्यानंतरही ‘बराच काळ आणि लांब अंतर’ गाडी चालवली. त्या घाटात रुंद जागा सापडेपर्यंत एक किलोमीटरही लागत नाही असं ज्यांना वाटतं, त्यांनी मे महिन्यात एकदा चढून बघावा.

प्रत्युत्तरात मी परिच्छेद चौदा आणि जोडपत्राचं दुसरं पान शेजारीशेजारी लावलं, बाकी काही लिहिलं नाही. त्यांच्या वकिलांनी पुढच्या तारखेला मुद्दा काढला, की इंजिनचा इशारा दिवा वेगळा आणि तापमानाचा लाल दिवा वेगळा. बरोबर आहे, वेगळे आहेत. मग लाल दिवा किती आधी लागला हे तुमच्या कुठल्या कागदावरून कळतं, असं मी विचारलं. अध्यक्षांनी त्यांच्याकडं बघितलं. त्यांनी फाईल चाळली.

आयोगानं विचारलं, मध्यस्थीला तयार आहात का? दोन्ही बाजूंची संमती असेल तर प्रकरण तिकडं जातं. मास्तर म्हणाले, जा. निकाल लागला तरी समोरचे राज्य आयोगात अपिलात जाऊ शकतात आणि मग वर्षं जातात. माझी इच्छा निकालाची होती, खरं सांगते. ‘निष्काळजीपणा’ हा शब्द कुणीतरी अधिकृत शाईनं खोडावा असं वाटत होतं. पण कर्जाचा हप्ता दर महिन्याला पगारातून कापला जात होता.

मध्यस्थीच्या खोलीत घासाघीस झाली ती भाजी मंडईला लाजवेल अशी. बिल १,१८,४०० चं: सुटे भाग ८२,३००, मजुरी २४,६००, ऑइल-कूलंट-फिल्टर वगैरे ११,५००. शेवटचे ११,५०० मी आधीच सोडून दिले, ते वॉरंटीत बसत नाहीत आणि न बसणारं मागायचं नाही हे मास्तरांनी ठोकून ठेवलं होतं. सुट्या भागांवर त्यांनी ७५ टक्क्यांपासून सुरुवात केली. मी हाउसिंगचं पोतं टेबलावर ठेवलं. १०० टक्क्यांवर आले. मजुरीवर निम्म्यापुढं हलेनात. ९४,६०० वर सही झाली.

तडजोडीच्या मसुद्यात दोन कलमं होती. एक: क्लेम ‘सद्भावनेपोटी’ मंजूर, कसलीही चूक मान्य नाही. दोन: तक्रारदार या प्रकरणाबद्दल कुठंही, काहीही बोलणार वा लिहिणार नाही. पहिलं मी राहू दिलं. दुसरं मान्य केलं नाही. बराच वेळ गेल्यावर ‘नावे घेऊन’ एवढे दोन शब्द त्यात घातले गेले. म्हणून नावं विचारू नका. कमेंटमध्ये अंदाजही बांधू नका, मी हो-नाही काहीच म्हणणार नाही.

रक्कम खात्यात आली तेव्हा त्याच आठवड्यात वर्कशॉपमधून एका गोड आवाजाच्या मुलीचा फोन आला. सर्व्हिसची वेळ झालीय, मॅडम, कधी येताय? गेले. सर्व्हिसच्या यादीत पेनानं एक ओळ वाढवून घेतली, ‘थर्मोस्टॅट हाउसिंग बॅटरी ट्रे काढून तपासले’, आणि अॅडव्हायझरची सही घेतली. तोच अॅडव्हायझर. सही करताना म्हणाला, “मॅडम, तुम्ही वकील आहात का?” म्हटलं, अकाउंट्सला आहे. तो म्हणाला, “मग बरोबर.”

मजुरीची अर्धी रक्कम, सर्व्हेयरचे ४ हजार आणि कर्जाचं व्याज मिळालं नाही. दर ३१ मार्चला घरच्या वहीत मी ते अजून येणे बाजूला ओढते.